दोन हजार थकले, मग व्याज चौदाशे कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्रेडिट कार्डाच्या 40,000 रुपयांच्या बिलातले 38,000 मुदतीत भरले, 2,000 राहिले, व्याज महिना 3 टक्के. म्हणजे 60 लागायला हवेत, मग 1,400 का लागले? बँकेचा हिशेब बरोबर आहे. दर तुम्ही नीट वाचलात, पण तो कशावर आणि कधीपासून लागतो हे पाहायचं राहिलं.

बिनव्याजी मुदत, म्हणजे खरेदीपासून बिलाच्या देय तारखेपर्यंतचे व्याज न लागणारे दिवस, आपोआप मिळत नाही. तिला अट असते: देय तारखेपर्यंत बिल पूर्ण फेडायचं. थोडंसं जरी मागे ठेवलं, तरी बऱ्याच कार्डांवर ती सवलत रद्द होते, आणि तीही खरेदीच्या तारखेपासून. तुमची खरेदी 5 तारखेची, बिल निघालं 20 ला, पैसे भरले पुढच्या महिन्याच्या 10 ला. 30 दिवसांचा महिना धरला तर अख्खे 40,000 तुमच्याकडे 35 दिवस होते. वर्षाचे 36 टक्के भागिले 365 केले की 40,000 वर रोजचं व्याज साधारण 39.45 येतं. 35 दिवसांचे 1,381. उरलेल्या 2,000 वर पुढचं बिल निघेपर्यंतच्या 10 दिवसांचे जेमतेम 20. आला आकडा.

सगळी कार्डं इतकी कडक नसतात, काही फक्त उरलेल्या रकमेवरच आकारतात. ते अटींच्या पत्रकात असतं. मीही ते पत्रक पहिला दणका बसल्यावरच उघडलं होतं, तेव्हा तुम्हाला काय बोलणार!

आणखी एक गोष्ट. थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीलाही सहसा बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. म्हणून थकबाकी मिटेपर्यंत ते कार्ड बाजूला ठेवा. कार्डावर रोख काढली तर थकबाकी नसतानाही त्याच दिवसापासून व्याज, वर वेगळं शुल्क.

'किमान देय', म्हणजे बिलावर दिलेली कमीत कमी भरायची रक्कम, भरलं की झालं, असं काही जण म्हणतात. त्याने उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. समजा किमान देय 5 टक्के आहे. 40,000 वर 2,000 भरले, त्यातले 1,200 व्याजातच गेले, मुद्दल घटलं 800. दर महिन्याला शिलकीच्या 5 टक्केच भरत राहिलात आणि नवीन काहीही घेतलं नाहीत, तरी 40,000 चे 20,000 व्हायला जवळजवळ तीन वर्षं लागतात. तोवर व्याजापोटी सुमारे 30,000 गेलेले असतात. महिना 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. न भरता चक्रवाढ होऊ दिली तर वर्षाला 42.6 टक्के पडतात.

आता करायचं काय? बिलावरचा आकडा भरून थांबू नका. बिल निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं, आणि 'सगळं फेडलं तरी हे कुठून आलं?' म्हणून लोक चक्रावतात. ग्राहक सेवेला फोन करून आजच्या तारखेला खातं शून्यावर आणायची रक्कम विचारा, तेवढी भरा आणि पुढच्या बिलात काही किरकोळ आलंच तर तेही लगेच पूर्ण फेडा. आणि खात्यातून आपोआप वजावट लावली असेल, तर त्यात 'किमान देय' निवडलंय की 'एकूण देय', ते आजच तपासा.