लाइट नव्हती, तरी कुल्फी गोठायची

प्रश्न : आमची आजी सांगते, गावात लाइट यायच्या आधीही जत्रेत मटक्यातली कुल्फी मिळायची. फ्रीज नसताना बर्फ टिकायचा कसा अन् कुल्फी गोठायची कशी?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : ताई, आजी खरं सांगतात. माझे वडील परभणीकडच्या जत्रांत कुल्फी विकायचे.

बर्फाची लादी शहरातल्या कारखान्यातून यायची. वडील ती लाकडाच्या भुशात पुरून वर गोणपाट टाकत. कोरड्या भुशात हवा अडकते, बाहेरची उष्णता आत शिरत नाही. पेटीच्या तळाला भोक असायचंच. पाणी साचून भुसा भिजला की लादी झपाट्याने विरघळते. १८३३ साली बॉस्टनहून कलकत्त्याला जहाजाने बर्फ आला तोही असाच, चारही बाजूंनी जाड अस्तर देऊन. चार महिन्यांच्या प्रवासानंतर १८० टनांतला सुमारे १०० टन शिल्लक होता!

कारखान्यांच्या आधी अलाहाबादेकडे हिवाळ्यात बर्फ धरत. खड्ड्यात उसाची, मक्याची वाळली धाटं पसरून त्यावर मातीच्या उथळ थाळ्यांत रात्री पाणी ठेवायचं. निरभ्र आकाशाखाली उष्णता वर निघून जाते, थोडं पाणी वाफ होऊन उडतं, अन् हवा शून्य अंशावर उतरली नसली तरी पहाटे थाळीत बर्फ धरतो.

आता कुल्फी. साखर घातलेलं आटवलेलं दूध शून्याच्या खाली गोठतं, म्हणून नुसत्या बर्फाने काम होत नाही. खरं काम खडेमिठाचं. मीठ लागलं की बर्फ शून्याखालीही वितळत राहतो. वितळायला उष्णता लागते, ती तो साच्यातल्या दुधातून ओढतो. प्रमाण जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत थंडावा मिळतो. वडील तीन वाटे बर्फाला एक वाटा मीठ घेत. अन् इथं पाणी काढून टाकायचं नाही! ते खारं पाणीच साच्याला चहूबाजूंनी भिडतं, बर्फाचे खडे तसे भिडत नाहीत. ते आत शिरू नये म्हणून साच्याचं झाकण कणकेनं लिंपायचं, आणि मटका सारखा हलवत राहायचा. दूध झटपट गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात. फ्रीजरमध्ये सावकाश गोठलेल्या कुल्फीत ते दाताखाली कचकचतात.

घरी जरूर करून बघा. बर्फ फोडून घ्या, पण त्या खाऱ्या पाण्यात हात घालू नका, कातडी भाजल्यासारखी होते. साचा चिमट्याने काढा, आणि झाकण उघडण्याआधी साध्या पाण्याने धुवा, नाहीतर पहिलाच घास खारट लागेल.