वाचकांचे प्रश्न : कुत्र्या-मांजरांसाठी नैसर्गिक तंतूंचा ब्रश

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. प्लॅस्टिक नको म्हणून डुकराच्या केसांचा लाकडी ब्रश मुद्दाम मागवला. रोज फिरवूनही घरभर केस पडतातच. ब्रश नकली असेल का?
– एक वाचिका, डोंबिवली

तशी शंका असल्यास ब्रशचा एक केस उपटून चिमट्याने ज्योतीजवळ धरून पाहावा. खरा केस जळताना जळक्या केसांचाच वास येतो आणि राख बोटांत चुरडते. नायलॉन मात्र वितळून त्याचा टणक मणी होतो. तरीही आपला ब्रश अस्सल निघेल आणि केस पडतच राहतील, अशीच शक्यता मला अधिक वाटते.

लॅब्रॅडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ व पाणी झटकणारे, आणि त्यांच्या खाली दाट, मऊ लव. घरभर जे पसरतात त्यांत ही लवच मोठ्या प्रमाणात असते, आणि आपल्या ब्रशची टोके तिथवर पोहोचतच नाहीत. ती वरच्या थरावरूनच सरकून जातात. डुकराच्या केसाचा पृष्ठभाग बारीक खवल्यांचा असल्यामुळे तो त्वचेतून पाझरणारा तेलकट स्राव धरून ठेवतो व केसाच्या टोकापर्यंत पसरवतो, धूळ व कोंडा उचलतो आणि कोरड्या हवेत नायलॉनपेक्षा कमी स्थिर वीज निर्माण करतो. अंगावर येणारी ती सुरेख चकाकी यामुळेच असते. मात्र हे काम शेवटचे आहे; सुटलेली लव त्याआधी बाहेर काढावी लागते.

म्हणून प्रथम रबरी दात्यांच्या ब्रशने किंवा लव काढण्याच्या बोथट दात्यांच्या फणीने, केसांच्या कलाने, मानेपासून शेपटीकडे हलक्या हाताने विंचरावे आणि मग आपला लाकडी ब्रश फिरवावा. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा हे पुरते. केस फार झडत असतील त्या दिवसांत रोज करावे. आंघोळ घालायची असेल तर विंचरणे आधी उरकावे, कारण सुटलेली लव भिजली की अंगाला चिकटून बसते. उन्हाळ्यात केस मुळापासून भादरून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया मानू नये. हे दोन्ही थर कुत्र्याचे उन्हापासूनही रक्षण करतात.

विंचरताना काळसर कण निघाले, तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवून पाहावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेले रक्त. एखाद्या ठिकाणी टक्कल पडले असेल किंवा कुत्रा सतत खाजवत असेल, तर ब्रश बाजूला ठेवून पशुवैद्यांकडे जावे.

प्रश्न : आमच्या पर्शियन मांजरीच्या कानामागे आणि काखेत केसांच्या गाठी झाल्या आहेत. मऊ ब्रश लावला तरी ती पंजा मारते. आंघोळ घालून गाठी सुटतील का, की कात्रीने कापाव्यात?
– एक वाचक, पुणे

दोन्ही उपाय टाळावेत. पाण्याने गाठ सुटत नाही, वाळताना ती अधिकच घट्ट आवळते. कात्रीचा धोका तर फार मोठा आहे. मांजराची त्वचा पातळ व सैल असते, ती गाठीबरोबर वर ओढली जाते आणि केस समजून आपण कातडीच कापतो. अशा जखमांना टाके घालावे लागतात, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

गाठ सैल असेल तर तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळावे. डाव्या हाताच्या दोन बोटांत गाठीचे मूळ त्वचेलगत घट्ट धरावे, म्हणजे ओढ त्वचेपर्यंत जाणार नाही. मग रुंद दात्यांच्या धातूच्या कंगव्याने गाठीच्या टोकाकडून सुरुवात करून थोडे थोडे केस मोकळे करत मुळाकडे सरकावे. मांजरीने शेपटी आपटायला सुरुवात केली किंवा कान मागे वळवले की तिथेच थांबावे. उरलेले काम उद्या करता येते. फेल्टसारखी घट्ट गाठ मात्र पशुवैद्यांकडून मशीननेच काढून घ्यावी.

पंजा मारण्याचे कारण बहुधा आपला मऊ ब्रशच असावा. तो वरून छान फिरतो, पण आतल्या गाठीत अडकला की केस मुळातून ओढतो. गाठी निघाल्यानंतर एक दिवसाआड केस हाताने बाजूला सारून, त्वचा दिसेल असा भांग पाडत कंगवा फिरवावा आणि शेवटी तोच मऊ ब्रश मान, गाल व पाठीवर वापरावा. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असल्याने चाटताना सुटलेले केस पोटातच जातात. विंचरल्याने ते प्रमाण कमी होते. मांजर वारंवार उलटीसाठी उमासे देत असेल आणि दिवसभरात काहीच खाल्ले नसेल, तर वाट पाहू नये.

सुवासासाठी ब्रशवर टी ट्री तेलाचे थेंब टाकण्याची पद्धत काही घरांत दिसते. ते तेल मांजरांना विषारी आहे.

प्रश्न : घरी डुकराचे केस चालत नाहीत. गुरांना खरारा करायचा काथ्याचा ब्रश देशी कुत्र्याला वापरावा का?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

गुरांच्या जाड कातडीला सोसणारा काथ्या देशी कुत्र्याच्या पातळ त्वचेवर ओरखडे काढतो. शिवाय एकच ब्रश गोठ्यात आणि घरात वापरल्यास गोचीड व गजकर्ण यांना वाट मिळते. वनस्पतिजन्य ब्रश हवा असेल तर तॅम्पिकोचा पाहावा. तो मेक्सिकोत वाढणाऱ्या घायपाताच्या जातीतील वनस्पतीचा तंतू आहे. विकत घेण्याआधी तो स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून पाहावा आणि टोचला तर घेऊ नये. अंगावर आखूड केस असणाऱ्या देशी कुत्र्याला एवढा एकच ब्रश पुरतो. नैसर्गिक तंतूंचा सर्वाधिक उपयोग मला अशाच कुत्र्यांना होताना दिसतो.

प्रश्न : पावसाळ्यात लाकडी ब्रशला बुरशी येते. उकळत्या पाण्यात टाकला तर चालेल का?
– एक वाचिका, रत्नागिरी

उकळत्या पाण्याने लाकूड तडकते आणि केसांची मुळे सैल होतात. प्रत्येक वापरानंतर अडकलेले केस कंगव्याने काढावेत. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात प्राण्यांचा सौम्य शाम्पू मिसळून त्यात फक्त केसांची टोके बुडवून धुवावीत आणि केसांची बाजू खाली राहील असा ब्रश पंख्याखाली वाळवावा, म्हणजे पाणी लाकडात मुरत नाही. बुरशीचा डाग लाकडात उतरला असेल किंवा घरातल्या प्राण्याला गजकर्ण झाले असेल, तर तो ब्रश टाकूनच द्यावा, कारण गजकर्णाचे बीजाणू महिनोन्‌महिने टिकतात आणि ते माणसांनाही बाधतात. उपचार पूर्ण होईपर्यंत धुऊन निर्जंतुक करता येईल असा धातूचा कंगवा वापरावा आणि तो त्या एकाच प्राण्यासाठी वेगळा ठेवावा.