सत्तरीच्या रानातला पडका किल्ला बघायला जायचं तर तयारी काय करावी आणि तिथं नेमकं काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातले किनाऱ्याचे किल्ले, म्हणजे आग्वाद, शापोरा, तेरेखोल, काब द राम बघून झाले. आता चौघांना डोंगराकडचा, पाटीसुद्धा नसलेला किल्ला बघायचाय. कुणीतरी सत्तरीतलं नाणूस सुचवलं, आणि दुसऱ्यानं लगेच सांगितलं की तिथं "काहीच नाही".

काहीच नाही म्हणणारा खोटं बोलत नाही. दरवाजा, बुरूज आणि वरून समुद्र एवढीच किल्ल्याची व्याख्या असेल तर नाणूसला जाऊ नका, दिवस फुकट जाईल. २६ जानेवारी १८५२ ला दीपाजी राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध उठाव करून हा किल्ला घेतला, म्हणून त्याचं नाव इतिहासात आहे. जागेवर मात्र झाडी आणि दगड. असे कोट वाचावे लागतात, आणि वाचायला जमलं तर एका सकाळीत पुरून उरतात.

नवशिक्यांनी आधी अर्धा दिवस पेडण्यातल्या हळर्णच्या किल्ल्यावर घालवावा असं माझं मत आहे. शापोरा नदीकाठचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, आणि ती मोहीम काढणाऱ्या व्हाइसरॉयला पुढं या गावाच्याच नावाची पदवी मिळाली. तो डोंगरी नाही, पण तिथं तट उभा आहे. चिऱ्यांची उभी भिंत, तिची जाडी, कोपरा कसा वळवलाय हे आधी नीट बघितलं की रानात तीच भिंत कोसळून पसरलेली ओळखता येते. फोंड्याला यासाठी जाऊ नका. तिथल्या कोटाला १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी आणि १६८३ मध्ये पोर्तुगिजांनी वेढा घातला होता खरा, पण फर्मागुढीला आज दिसतं ते बांधकाम अलीकडचं आहे.

आता भिंत कशी शोधायची. आपल्याकडची तटबंदी जांभ्याची. बाहेरून एक आणि आतून एक अशा घडीव चिऱ्यांच्या दोन ओळी, मधे माती, मुरूम आणि जांभ्याचे तुकडे यांची भर. किल्ला ओस पडला की आधी जातात ते चिरे, कारण घडवलेला चिरा आयता मिळाला तर घराला, गोठ्याला, बांयच्या (विहिरीच्या) काठाला कोण सोडणार? मागं राहते ती फक्त भर. म्हणून रानात शोधायचा तो शेताच्या बांधासारखा लांबट उंचवटा, गुडघाभर ते कमरेइतका उंच आणि दोन-तीन पावलं रुंद. तो उताराला समांतर बराच अंतर चालत गेला आणि एका ठिकाणी ठरवून वळला, तर तट समजायला हरकत नाही. पाणी अडवण्याचा बांध असा टेकडीच्या माथ्याभोवती फिरत नाही.

जांभ्याचा सडा (उघडा सपाट कातळ) आपोआपही फुटतो आणि लांबून हुबेहूब पडक्या भिंतीसारखा दिसतो. फसगत होते ती इथंच. दगडाजवळ बसा आणि शेजारच्या दोन बाजू बघा. त्या काटकोनात मिळत असतील आणि एखाद्या बाजूवर हत्याराचे तिरके, एकाच दिशेचे ओरखडे असतील तर तो घडवलेला आहे. शेवाळामुळे ओरखडे दिसत नसतील तर बोटांनी चाचपा, घासू नका. एका दगडावरून निकाल देऊ नये, ओळीत तीन-चार तरी सापडायला हवेत. सांध्यात पांढरा चुना असेल तर भिंगातून बघा. गोव्यात चुना शिंपल्यांचा भाजत असत, त्यामुळं त्यात कधीकधी शिंपल्याचा कण अख्खा राहिलेला सापडतो. खाली गळून पडलेल्या चिमूटभर तुकड्यावर लिंबू पिळलं तर चुना बारीक फसफसतो, माती नाही. हा प्रयोग भिंतीवर करायचा नाही.

खंदक म्हणजे बहुधा चिऱ्यांची खाणच. तिथला दगड काढून तिथंच भिंत बांधली, म्हणजे एका कामात दोन कामं. आज तो पालापाचोळ्यानं भरलेला असतो आणि वरून सपाट दिसतो. पाय टाकण्याआधी काठी खुपसा. काठी वीतभर गेली की तळ लागला असं धरू नका, कधी कुजका पाला हातभर असतो आणि त्याखाली सुटे दगड. घोटा मुरगळतो तो असाच.

त्याहून वाईट बांय. कोटाच्या आतली विहीर बिनकठड्याची, तोंडावर वेली आणि काटेरी झुडपं. म्हणून आत सगळ्यांनी ओळीनं चालावं, पुढच्याकडं छातीएवढी काठी, आणि त्यानं काठी टेकल्याशिवाय पाऊल टाकू नये. एक खूण उपयोगी पडते: जानेवारीत आजूबाजूचं गवत वाळलेलं असताना एखाद्या वर्तुळात नेचे हिरवेगार दिसले, तर खाली ओल आहे. ती टाक्याची असेल नाहीतर विहिरीची. तिथं पोटावर झोपूनसुद्धा डोकावू नका, काठाखालची माती पोखरलेली असते.

आत वस्ती कुठं होती हे दगडांपेक्षा झाडं लवकर सांगतात. चिंच, माड किंवा पांढरा चाफा दाट रानात आपोआप उगवत नाही. चाफा तर मूळचा अमेरिकेतला, म्हणजे कुणीतरी आणून लावलेला, आणि तो बहुतेक देवळाजवळ. त्याच्या आसपास जोतं शोधा. खापऱ्या दिसल्या तर उचलून बघा आणि होती तशीच परत ठेवा. अर्धगोल नळीचं कौल कितीही जुनं असू शकतं, पण खाचा असलेलं चपटं मंगळुरी कौल १९ व्या शतकाच्या उत्तरार्धाआधीचं असणं शक्य नाही. मंगळुरी कौल सापडलं की समजायचं, किल्ला पडल्यावरही तिथं कुणीतरी राहत होतं किंवा देऊळ शाकारत होतं.

बुरूज गोल की कोनाचा, याकडं लक्ष द्या. गोल बुरूज देशी घडणीचे, आदिलशाहीतले किंवा मराठ्यांचे असण्याची शक्यता जास्त. बाणाच्या टोकासारखा पुढं आलेला कोन हा युरोपी पद्धतीचा. जंग्या (तटातली मारा करायची भोकं) अरुंद आणि तिरक्या असतील तर बंदुकीसाठी, रुंद असतील तर तोफेसाठी. पण यावरून "हा अमक्यानं बांधला" असं छातीठोक लिहू नका. हे कोट हातोहात फिरले आणि ज्याच्या हाती आले त्यानं डागडुजी केली.

कामाची पद्धत सोपी आहे. आधी आत शिरायचं नाही. भिंत सापडली की ती उजव्या हाताला ठेवून बाहेरून एक फेरी मारायची, प्रत्येक वळणावर मोबाइलच्या जीपीएसवर खूण करायची आणि पावलं मोजायची. झाडीखाली जीपीएस दहा-पंधरा मीटर सहज चुकतो, म्हणून पावलांची वही हवीच. फेरी पुरी झाली की कागदावर आकार उमटतो आणि दरवाजा कुठं असायला हवा तेही कळतं. बहुधा वाट भिंतीला चिकटून, वळण घेत वर येते तिथं. फोटोत काठी आडवी ठेवा, मापाला बरी पडते. घरून निघण्याआधी सर्वे ऑफ इंडियाचा पन्नास हजारी नकाशा बघा. सत्तरीचा मुख्य भाग ४८ आय या मालिकेत येतो, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतरानं. टेकडीचा माथा सपाट, तीन बाजूंनी रेषा दाटलेल्या आणि खाली नदी, अशी जागा कोटाला सोयीची.

गावात विचारताना "फोर्ट खंय?" (किल्ला कुठं?) म्हणू नका, हात काब द रामकडं दाखवतील. "पोरनो कोट" (जुना किल्ला) म्हणून विचारा. तेही पोराटोरांना नको. गुरं राखणाऱ्या काकांना किंवा लाकडं आणायला जाणाऱ्या मावशींना विचारा, पायवाटा त्यांच्याच. जमीन कुणाची आहे तेही तेव्हाच कळतं. बऱ्याच टेकड्या आता काजूच्या बागायतीत आहेत, आणि मार्चपासून बोंडू (काजूची फळं) गोळा करायचे दिवस असताना अनोळखी चार माणसं आत दिसली तर कुणालाही राग येईल. आत राखणदाराची (गाव राखणाऱ्या देवाची) जागा असेल तर पायताण बाहेर. देवराई असेल तर फांदीही मोडायची नाही, वाट अडली तरी.

म्हादई अभयारण्याच्या हद्दीत पाय पडणार असेल (ते १९९९ पासून आहे, २०८ चौरस किलोमीटर) तर वन खात्याची परवानगी आधी काढा, वाळपईला चौकशी करा. पलीकडं खानापूर तालुक्यातला भीमगड सगळ्यांना खुणावतो, पण तोही अभयारण्यात आहे आणि कर्नाटकचा. चोर्ल्याहून चोरवाटेनं जायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

दिवस निवडायचे ते डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. त्याआधी गवत डोक्याएवढं, चिरे शेवाळानं निसरडे आणि भिंती ओल्या. ओली भिंत धोक्याची, कारण पावसाचं पाणी भरीत मुरतं, माती फुगते आणि बाहेरच्या चिऱ्यांना ढकलते. भिंतीचं पोट सुटलेलं दिसलं तर तिच्याखालून जाऊ नका. तिला धरून ठेवलेली वडाची मुळंही तोडू नका. झाडानं भिंत फोडली हे खरं, पण आता तिला सावरलंय तेही त्यानंच.

सकाळी सातला चढायला लागा, दोनला काहीही झालं तरी परत फिरा. दरीत पाचलाच अंधारून येतं आणि मोबाइलला रेंज नसते. माणशी तीन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा सदरा, पँटीचे पाय मोज्यांत खोचलेले. फांद्या हलवू नका, हुमले (चावरे तांबडे मुंगळे) अंगावर पडतात. खाजकुयलीच्या शेंगा याच दिवसांत पिकतात. लागलीच तर चोळू नका आणि पाणीही लगेच लावू नका. आधी चिकटपट्टीनं कुसं उपटून काढा, मग धुवा. कमानीत आग्यामोहोळ असेल तर लांबूनच मागं फिरा. गवा दिसला तर त्याची वाट सोडा. बागायतीच्या कडेनं जाताना रानडुकरांसाठी लावलेले फास आणि कधी बेकायदा वीज सोडलेली तार असते, म्हणून जमिनीलगतची कुठलीही तार ओलांडायची नाही.

जांभ्याच्या फटींत फुरसं आणि घोणस असतात. हात दिसत नाही तिथं हात घालायचा नाही. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. हात-पाय हलू न देता उचलून रस्त्यावर आणा आणि १०८ ला फोन करा.

कुठं जोत्याच्या मधोमध ताजा चौकोनी खड्डा दिसला तर तो खजिन्याच्या नादी लागलेल्यांचा. त्यात उतरू नका, फोटो काढून मामलेदार कचेरीत किंवा पणजीला पुरातत्त्व खात्यात कळवा. स्वतः काही उकरू नका. नाणं किंवा मूर्ती घरी आणणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानं आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं महागात पडू शकतं.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती गोचीड. सत्तरीत गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाची लागण होऊन गेली आहे, २०१५-१६ मध्ये काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना झाली होती, आणि त्याचा हंगाम म्हणजे डिसेंबर ते मे, नेमके तुमच्या भटकंतीचे दिवस. पाचोळ्यावर बसू नका, दगडावर बसा. निघण्याआधी पायांना गोचीडरोधक तेल लावा. मेलेलं माकड दिसलं तर तिथूनच माघारी फिरा आणि आरोग्य केंद्रात सांगा. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी, कानांमागं नीट बघा. पिल्लं तिळाएवढीही नसतात. चिकटलेली सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका. पुढच्या आठवड्याभरात अचानक जोराचा ताप आणि डोकेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना, त्यांनी विचारलं नाही तरी, रानात गेलो होतो हे आधी सांगा.