दरफळणी आणि घोड्याचा नाल

प्रश्न असा: कोकणातले बेने इस्राएल (मराठी बोलणारे ज्यू) लोक योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला, ‘दरफळणीचा सण’ म्हणत. म्हणजे दर वर्षी फळ देणारा सण का? आणि त्या दिवशी मराठीत शुभेच्छा कशा द्यायच्या?

नाही हो. ‘फळ’ दिसले की लगेच पुण्यफळापर्यंत धावायचे, ही खोड आता सोडा. इथला ‘दर’ दरवर्षीचा नाही, दरवाजातला आहे. दर म्हणजे दार. अर्थाबद्दल वादच नाही: हाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएलांच्या इतिहासात (लिहिला 1897 साली, छापला गेला 1937 मध्ये) ‘दारे बंद करण्याचा सण’ असाच अर्थ दिला आहे. फळणीची फोड मात्र माझी, तर्क म्हणून घ्या. जुन्या दुकानांना दाराऐवजी फळ्या असत; ‘फळ्या लावल्या’ म्हणजे दुकान बंद. खिळा-खिळणे तसे फळी-फळणे, आणि त्यावरून फळणी. रोमन लिपीतून उलटे मराठीत आणून ‘दरफालनी’ लिहिणाऱ्यांना तर हात जोडतो. हेच लोक दुसऱ्या दिवशीच्या ‘शिळ्या सणा’चा ‘शिला सण’ करतात आणि मग वाचणारा दगड शोधत बसतो. शिळी भाकरी, तसा शिळा सण. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि आप्तांना भेटायचे.

दारे भीतीने लावत, असेही ठोकून दिले जाते. कोकणात त्यांच्यामागे कोण लागले होते? दारे लावणे हे सोवळे होते. अंघोळ करून, पांढरे कपडे घालून घरात राहायचे आणि उपास सुटेपर्यंत बाहेरच्याचा संपर्क टाळायचा.

पण खरी गंमत पुढे आहे. योम किप्पूर तिश्री या ज्यू महिन्याच्या दहाव्या दिवशी येतो, आणि ज्यूंचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. नववीचा सूर्य मावळण्याआधीच उपास धरायचा आणि दहावीच्या रात्री तारे दिसल्यावर सोडायचा, म्हणजे सुमारे 25 तास. चोवीस धरून चालणारे हमखास लवकर सोडतात. पाण्याचा थेंबही चालत नाही, त्यामुळे एकादशीची उपमा देऊ नका. साबुदाण्याला इथे थारा नाही. अंघोळ, तेल, चामड्याची पादत्राणे आणि शरीरसंबंधही वर्ज्य. (अंघोळ उपास लागण्याआधीची, हे वेगळे सांगायला नको.) कापडी जोडे चालतात. बाकीचे उपास शनिवारी आले तर सरकवतात, हा सरकत नाही.

एरवी दिवसात तीन प्रार्थना, शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) चार, या दिवशी पाच. पाचवी सूर्य कलल्यावर, तिचे नाव ‘नेइला’. नेइला म्हणजे बंद करणे, कडी घालणे! कशाची दारे, यावर जेरुसलेमच्या तालमुदातच (ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात) दोन मते आहेत: राव नावाचे पंडित म्हणतात स्वर्गाची, रब्बी योहानान म्हणतात जेरुसलेमच्या मंदिराची. माझ्या मते कोकणातल्या नवगावच्या तेल्याने (बेने इस्राएल तेल गाळत) तिसरे उत्तर दिले: माझ्या घराची. दरफळणी हे नेइलाचेच मराठी रूप आहे असे मी मानतो. यावर आक्षेप ठरलेला: बेने इस्राएल हिब्रू विसरले होते, ‘शेमा’ (देव एकच, असे सांगणारी रोजची प्रार्थना) तेवढी उरली होती, मग नेइला कुठून आठवली? अहो, नेइलाच्या शेवटी शेमाचीच पहिली ओळ म्हणतात. भाषा विसरलेल्या माणसाला कृती आठवत नाही, असे कोणी सांगितले? पुस्तकी अभ्यासक ‘दारे बंद करण्याचा सण’ एवढे भाषांतर करतात आणि पुढच्या सणाकडे वळतात. शब्दाचे दार कोणी ठोठावतच नाही. आणि 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) बांधले, त्याचे नाव पुढे काय पडले? शाअर हारहमीम, दयेचे द्वार. पुन्हा दारच.

आता नेइलाचा धातू: न-अ-ल, त्यातला अ घशातून उच्चारायचा. याच अक्षरांचा ‘नाअल’ म्हणजे पादत्राण. कडी घालणे आणि वहाण बांधणे दोन्ही त्यात आले. अरबीत याचा भाऊ ‘नअल’: वहाण, आणि घोड्याच्या खुराचा पत्रा. तो फारसीमार्गे आपल्याकडे आला, तोच आपला नाल. म्हणजे ज्या दिवशी चामडी वहाण घालायची नाही, त्याच दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेच्या नावात वहाण लपलेली, आणि तिचा चुलतभाऊ आपल्या घोड्याच्या पायात!

हां, शुभेच्छांचे राहिले. ‘हॅपी योम किप्पूर’ नको. हिब्रूत ‘ग्मार हतिमा तोवा’ म्हणतात, म्हणजे शेवटची मोहर चांगली उमटो. नव्या वर्षाला देवाने लिहिलेला निवाडा या दिवशी मोहरबंद होतो, अशी श्रद्धा आहे. मराठीत ‘मोहर चांगली पडो’ म्हणा. आणि ही हतिमा म्हणजे अरबी ‘खत्म’ची सख्खी बहीण: मोहर लावली की कागद संपला, खतम.