कोंब आला, पण कलम लागलं का?

प्रश्न : द्राक्षाच्या खुंटांवर (खालच्या मुळांच्या रोपांवर) पाचर कलमं केली, म्हणजे पाचरीसारखी तासलेली काडी खुंटाच्या चिरेत बसवली, त्याला तीन आठवडे झाले. डोळे छान फुटले, कोंब चार बोटं झाले आणि आता त्यातले काही माना टाकतायत. पाणी वाढवलं, तरी फरक नाही. पट्टी सोडून आत बघू का?

उत्तर : पट्टीला हात लावू नका. पाणी मात्र आजच कमी करा. मुळाशी ओल हवी, चिखल नको. फार पाणी दिलं की खुंटातून रस वर रेटतो, सांध्यातून, म्हणजे खुंट आणि काडी जुळतात तिथून, पाझरतो आणि जोड धरत नाही.

डोळा फुटला की आपण कलम लागलं म्हणून मोकळे होतो. पण काडीत साठवलेल्या अन्नावर डोळा तसाही फुटतो. ती शिदोरी संपेपर्यंत सांधा जुळला नाही, तर कोंब मान टाकतो. तुमच्याकडे बहुधा तेच झालंय. काडीची साल नखाने जरा खरवडून बघा. हिरवी, ओलसर असेल तर थांबा, दुसरा डोळा फुटू शकतो. आत तपकिरी, कोरडं लागलं तर ती गेली. अशा खुंटाचा एक जोमदार फुटवा राखा, पुढे त्यावरच कलम करता येईल. जगलेल्या कलमांखालचे खुंटाचे फुटवे मात्र कोवळे असतानाच बोटाने बुडापासून मोडा. कात्रीने कापले की बुडाशी डोळे राहतात आणि एकाचे तीन होतात.

साधारण 24 ते 30 अंशांत सांधा चांगला भरतो. ऊन त्याहून तापत असेल तर दुपारपुरती सावली करा.

आता वारा. कोंब वीतभर झाला की बांबूला बांधा, सुतळीचा इंग्रजी 8 सारखा सैल वेढा घालून. पहिल्या वर्षी मी आळस केला होता. हातभर वाढलेले कोंब एका वादळी संध्याकाळी सांध्यातूनच निखळले. जे वाचले त्यांची पट्टी काढायची राहिली. महिन्यांनी पाहिलं तर पट्टी सालीत रुतलेली, वर गाठ फुगलेली आणि खाली मान बारीक. म्हणून कोंब जोमात वाढू लागला आणि सांधा टणक झाला की पट्टीला पाठीमागून ब्लेडने एक उभी चीर द्या. ओढून सोडवत बसू नका, सालही निघून येते.

आणि हो, मातीची भर लावाल तेव्हा सांधा उघडाच राहू द्या. काडीला स्वतःची मुळं फुटली तर खुंट लावला कशाला?