पंचगंगेचे पाणी, पायाची जखम आणि धनुर्वात

प्रश्न : आम्ही शिरोळ तालुक्यात पंचगंगेकाठी राहतो. मोटारीच्या पाइपाला अडकलेली जलपर्णी काढायला नदीत उतरताना माझ्या वडिलांच्या (वय 58) तळपायात गंजका पत्रा घुसला. दहाव्या दिवशी त्यांची दातखीळ बसली आणि धनुर्वाताचे निदान झाले. पाच आठवड्यांनी ते घरी आले आहेत, पण तोंडात जेमतेम एक बोट मावते आणि पोटऱ्या दगडासारख्या लागतात. शेजारी तेल चोळून पाय जोराने ओढायला सांगतात. ते पूर्वीसारखे चालतील का? आणि हे नदीच्या घाण पाण्यामुळेच झाले का?

उत्तर : धनुर्वातातून वाचलेले बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, मात्र त्याला काही महिने लागतात, हे आधी सांगतो. या जंतूचे विष नसांच्या टोकांना असे चिकटते की ते सुटत नाही. तेथे नवी टोके फुटावी लागतात, आणि तोवर स्नायूंचा ताठरपणा हळूहळूच उतरतो.

म्हणून पाय जोराने ओढू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. झटक्याने ताणलेला स्नायू उलट आवळतो, आणि तीव्र आचक्यांमध्ये कधी कधी पाठीचे मणकेही दबलेले असतात. पाठीत एकाच जागी दुखत असेल, तर व्यायामाआधी एक्स-रे काढून घ्या. पोटरीसाठी वडिलांना पाय लांब करून बसवा, चवड्याभोवती टॉवेल अडकवा आणि त्याची टोके त्यांच्याच हातात द्या. त्यांनी तो सावकाश स्वतःकडे ओढून तीस आकडे मोजेपर्यंत धरावा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. जबड्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. तीन बोटे मावू लागली की जबडा मोकळा झाला असे समजावे. बिछान्यातून एकदम उभे करू नका, कारण रक्तदाब खाली येऊन चक्कर येते. दीर्घ श्वसन आणि खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव जवळच्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करावा.

आता नदीविषयी. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. ते पाणी पिण्यातून नव्हे, तर जखमेतून शरीरात शिरतात. नदी स्वच्छ असती तरी काठच्या चिखलात हा धोका होताच. तरीही प्रक्रिया न केलेले सांडपाणी मिसळलेल्या पाण्याला मी निर्दोष म्हणणार नाही. त्यातून कावीळ, विषमज्वर आणि जुलाब होतात. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती हिपॅटायटिस-ई ची होती, आणि ही कावीळ गरोदर स्त्रियांच्या जिवावर बेतू शकते. पुराच्या पाण्यात उघड्या जखमेने वावरल्यास लेप्टोचीही (उंदीर-गुरांच्या मूत्रातून पाण्यात येणाऱ्या जंतूंमुळे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पिण्याचे पाणी खळखळून उकळूनच घ्यावे.

एक गोष्ट घरोघरी राहून जाते. धनुर्वात होऊन गेला तरी शरीरात प्रतिकारशक्ती तयार होत नाही, त्यामुळे तो पुन्हा होऊ शकतो. वडिलांच्या कागदपत्रांत लसीच्या डोसाची नोंद आहे का ते पाहा. नसेल तर याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पुढील डोसांच्या तारखा ठरवून घ्या, आणि नदीत उतरणाऱ्या घरातील प्रत्येकाची लसही तपासून घ्या.