वाचक विचारतात: मोटर गुरगुरते पण आणि तापते पण!

प्रश्न: माझ्याकडे ८/६ पोलची (स्टेटरवर ८ पोल, रोटरवर ६ दात) स्विच्ड रिलक्टन्स मोटर आहे, ड्राइव्ह स्वतः बनवलाय. ३०० आरपीएमला नुसती घर्रघर्र करते, लोडला धक्के बसतात. १५०० ला धक्के कमी होतात पण अर्ध्या तासात बॉडीला हात लावता येत नाही. टॉर्क शेअरिंग फंक्शन (सोडणाऱ्या आणि धरणाऱ्या फेजमध्ये टॉर्क वाटून देणारं सूत्र) टाकलं की रिपल (टॉर्कचा चढउतार) जातो असं वाचलंय. टाकू का? लॉसेसही (उष्णता होऊन वाया जाणारी वीज) त्यानेच कमी होतील ना?

उत्तर: टाका, पण आज नको. आणि लॉसेस त्याने आपोआप कमी होतील हे डोक्यातून काढा, कधीकधी उलट वाढतात.

या मोटरीत मॅग्नेट नाही, रोटरवर वाइंडिंग नाही, चालू फेजचा (एकत्र चालू होणाऱ्या वाइंडिंगचा) पोल रोटरचा दात स्वतःकडे ओढतो एवढंच. तुमच्या मोटरीत एका फेऱ्यात अशा २४ ओढी, म्हणजे दर १५ अंशांना एक फेज सोडते आणि दुसरी धरते, आणि टॉर्कला खड्डा पडतो तो या सोडण्या-धरण्यातच. कमी स्पीडला तो खड्डा लोडपर्यंत पोचतो, जास्त स्पीडला इनर्शिया गिळून टाकतो. म्हणून १५०० ला बरं वाटतं, खड्डा गेलेला नसतो.

आता तापण्याचं. माझा पहिला संशय टर्न-ऑफ अँगलवर, म्हणजे रोटर कुठे असताना फेज बंद होते त्यावर. १५०० आरपीएम म्हणजे मिलिसेकंदाला ९ अंश. समजा करंट उतरायला अर्धा मिलिसेकंद लागतो, तर तेवढ्यात रोटर साडेचार अंश पुढे गेलेला असतो. तेव्हा दात पोलसमोर यायच्या तितकं आधीच स्विच बंद करावं लागतं, नाहीतर उरलेलं करंट दाताला मागे खेचतं, आणि त्या ब्रेकची भरपाई बाकीच्या फेज जास्त करंट ओढून करतात. ३०० ला तेच गणित एक अंशाच्या आत येतं. एकच फिक्स अँगल दोन्हीकडे चालणार कसा? स्कोपवर करंट आणि पोझिशन सिग्नल एकत्र लावून बघा, उरलेल्या करंटची शेपटी लगेच दिसेल.

त्याआधी एन्कोडरचा (रोटरची पोझिशन सांगणाऱ्या सेन्सरचा) झिरो तपासा. एका फेजला थोडं डीसी द्या, रोटर लॉक होईल, रीडिंग घ्या, मग दुसऱ्या बाजूने फिरवून परत घ्या कारण घर्षणामुळे दोन रीडिंग जुळत नाहीत, मधलं धरा. मी एकदा दोन दिवस ड्राइव्हच्या टेबलातले आकडे बदलत बसलो होतो आणि शेवटी निघालं काय, तर कपलिंगचा स्क्रू सैल!

हे झालं की मग शेअरिंग फंक्शन. गोम अशी आहे की टॉर्क साधारण करंटच्या वर्गावर आणि रोटर फिरताना इंडक्टन्स (ठरावीक करंटला वाइंडिंगमध्ये किती चुंबकीय फ्लक्स बनतो ते माप) किती झपाट्याने वाढतो यावर ठरतो, आणि दात नुकताच पोलखाली शिरतो तेव्हा ती वाढ फारच कमी असते. तिथेच नव्या फेजकडून टॉर्क मागितला की करंट बेसुमार चढतं आणि कॉपर लॉस (वाइंडिंगच्या तारेतली उष्णता) तर करंटच्या वर्गात वाढतो. रिपल गेला, वाइंडिंग भाजलं. मी तरी थोडा रिपल राहू देतो. वाटणीच्या कोसाइन आकारापासून सुरुवात करा आणि ओव्हरलॅप (दोन्ही फेज एकत्र चालू असण्याचा काळ) हळूहळू बदलत आरएमएस करंटवर (तापण्याच्या हिशोबातलं सरासरी करंट) लक्ष ठेवा. जास्त स्पीडला बॅक ईएमएफ (फिरण्यामुळे वाइंडिंगमध्ये तयार होणारं विरोधी व्होल्टेज) इतका चढतो की हवा तसा करंट उभाच राहत नाही, तिथे फंक्शन बाजूला ठेवून फक्त टर्न-ऑन, टर्न-ऑफ अँगल जुळवायचे.

हार्ड चॉपिंग (करंट आवरायला फेजचे दोन्ही स्विच एकत्र भराभर चालू-बंद करणं) करत असाल तर सॉफ्टवर या: दोनांपैकी एकच स्विच चॉप करा, दुसरा ऑन ठेवा. करंटचा रिपल कमी, स्विचिंग लॉस कमी, फुकटचा फायदा आहे. बॉडी वाइंडिंगपेक्षा जास्त तापत असेल तर मात्र आयर्न लॉसचा (फ्लक्स बदलल्याने लोखंडात होणाऱ्या उष्णतेचा) विचार करा, १५०० ला प्रत्येक फेजचा फ्लक्स सेकंदाला १५० वेळा वर-खाली होतो आणि जाड लॅमिनेशनला (गाभ्याच्या लोखंडी पत्र्यांना) ते झेपत नाही. ते सॉफ्टवेअरने सुटणार नाही.

आणि हो, सगळी घर्रघर्र रिपलची नसते. पोल दाताला ओढतो तसा स्टेटरही आत दबतो, अंडाकृती होतो, आणि फेज एकदम सोडली की घंटेसारखा वाजतो. बंद करताना थेट उलटं व्होल्टेज न देता मध्ये थोडा वेळ झिरो व्होल्ट ठेवलं तर आवाज कमी होतो, पण करंटची शेपटी लांबते, मग टर्न-ऑफ अजून आधी आणा.

प्रश्न: ब्रेक लावायला फेजमधलं करंट उलटं करायचं का?

उत्तर: काही उपयोग नाही, करंटचा वर्ग केला की चिन्ह जातं, टॉर्क तोच. दात पोलसमोरून पुढे सरकत असताना करंट द्या, लागला ब्रेक.